पाणी कुठवर येतं?

"तुम्ही कुठले?" या प्रश्नाला "बदलापूरचे" असं उत्तर दिलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर काय उमटणार हे मला आता पाठ झालंय. पूर्वी "अरे बापरे, लांब आहे हो!" असं यायचं. (सीएसएमटीपासून ६८ किलोमीटर. लांब आहेच, नाही कशाला म्हणू?) २०१५ मध्ये वरुण धवनचा सिनेमा आला, त्यानंतर दोन-तीन वर्षं प्रत्येकाला "मग, कुणाचा बदला घेणार?" हा विनोद आपल्यालाच पहिल्यांदा सुचला असं वाटायचं. २०१९ च्या जुलैत महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली, मग "ते पाण्यातल्या गाडीचं बदलापूर ना?" सुरू झालं. आणि ऑगस्ट २०२४ मध्ये शाळेतल्या लहान मुलींवरच्या अत्याचाराची ती बातमी आली, लोक रुळांवर उतरले. तेव्हापासून गावाचं नाव घेतलं की समोरचा क्षणभर गप्पच होतो.

थोडक्यात, काहीतरी वाईट झालं की आमचं गाव लोकांना कळतं. मधल्या काळात तिथे काय असतं ते कुणी विचारत नाही आणि आपणही सांगत नाही. आज मला त्या मधल्या काळाबद्दलच लिहायचंय. घरात ऐकलेल्या, कुठेही न छापलेल्या बारीकसारीक गोष्टींबद्दल. आणि त्यातल्या एका गोष्टीवरून आमच्या घरात सध्या जे चाललंय त्याबद्दल. आमचे नातेवाईक हे वाचतात हे मला माहीत आहे. ते वाचतात म्हणूनच लिहितोय असं समजा.

सुरुवात नावापासून करू. मुळात बदलापूर स्टेशन बदलापुरात नाहीच! ते आहे कुळगावात. जुनं बदलापूर गाव पश्चिमेला, नदीच्या अंगाला. १८५६ साली कल्याणहून बोरघाटाच्या पायथ्याकडे रेल्वे गेली, पुढे स्टेशनला नाव मिळालं बदलापूर, आणि ज्याच्या जमिनीवर ते उभं आहे ते कुळगाव नगरपरिषदेच्या पाटीवर तेवढं उरलं: कुळगाव-बदलापूर. आमची आत्या अजूनही "स्टेशनवर जाते" म्हणत नाही, "कुळगावला जाऊन येते" म्हणते. आता चारी बाजूंनी इमारती आहेत, कुळगाव कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं हे पोस्टमनलासुद्धा सांगता येणार नाही. पण आत्याच्या डोक्यात ती हद्द पक्की आहे.

नाव कसं पडलं याची कथा तर प्रत्येक बदलापूरकर सांगतो. इथे महाराजांच्या सैन्याचे घोडे बदलले जायचे, म्हणून बदलापूर. शाळेत असताना मी हे इतक्या अभिमानाने सांगायचो की जणू घोड्यांना चंदी मीच घालत होतो :) आजूबाजूची नावंही गमतीची आहेत. बेलवली, वालिवली, सोनिवली, मानकिवली. यातलं "वली" म्हणजे जुनं "पल्ली", म्हणजे वस्ती. तेच डोंबिवलीतलं, तेच बोरिवलीतलं. जांभूळ नावाचं तर अख्खं गावच आहे. जूनच्या सुमारास स्टेशनबाहेर आदिवासी बायका पानाच्या द्रोणात जांभळं घेऊन बसतात. त्या जांभळाला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. म्हणजे ज्या फळाने आमच्या शाळेच्या पांढऱ्या शर्टांची वाट लावली, ते आता सरकारदरबारी कागदावर आलंय.

शेजारचं उल्हासनगर घ्या. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना जिथे ठेवलं ती लष्कराची कल्याण छावणी. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते तिचं नाव उल्हासनगर झालं. नाव उल्हास नदीचं, पण गावाच्या मधून वाहते ती वालधुनी. तीच वालधुनी, जिच्या काठावर अंबरनाथचं शके ९८२ चं, म्हणजे इसवी सन १०६० चं शिलाहारांचं देऊळ उभं आहे. आमच्या आईच्या तोंडी मात्र उल्हासनगर कधी बसलंच नाही. "कॅम्पातून कापड आणलंय" असंच ती म्हणायची. छावणी जाऊन इतकी वर्षं झाली तरी पत्ता अजून कॅम्प नंबर एक, दोन, तीन असाच सांगतात, त्यामुळे आईचंही काही चुकत नव्हतं.

आता आजी. आमची आजी शाळेत गेलेली नव्हती, पण तिच्याकडे प्रत्येक गोष्टीची स्वतःची पद्धत होती. आमच्याकडून दिसणाऱ्या डोंगररांगेत नवरा-नवरी नावाचे सुळके आहेत. मलंगगडापासून टवली, म्हैसमाळ, चंदेरी करत माथेरानकडे जाणाऱ्या रांगेत. लग्नाच्या वऱ्हाडाचे दगड झाले म्हणे. आजीचं हवामान खातं तिथे होतं. ढग नवऱ्याच्या खांद्यावर आले की वाळवण उचलायचं. नवरी पण दिसेनाशी झाली की गुरं आत घ्यायची. आणि एक गोष्ट ती नेहमी सांगायची: "आपल्याकडचा पाऊस बघू नका, कर्जताकडचा बघा." लहानपणी आम्हाला याचा अर्थ कळायचा नाही. उल्हास नदी खंडाळा-राजमाचीच्या डोंगरांतून येते, कर्जत, नेरळ करत आमच्याकडे पोचते. घाटात पडलेलं पाणी आमच्याकडे यायला काही तास लागतात. म्हणजे इथे ऊन पडलेलं असतानाही नदी वाढत असू शकते. आजी हे भूगोल न शिकता सांगत होती.

शेताच्या खाचरांनाही तिची नावं होती. चिंचेचं, तळ्याकडचं, आंब्याखालचं, आणि सगळ्यात खालचं ते "बुडीतलं". सातबाऱ्यावर यातलं एकही नाव नाही. तिथे नुसते आकडे. चिंच तोडली, तळं बुजलं, आंबा वाळला. पुढे त्यातला बराचसा भाग विकला गेला. आता नदीच्या त्या अंगाला फिरलं की कुठे "रिव्हर व्ह्यू", कुठे "रिव्हर" अमुक, "वॉटर" तमुक अशा पाट्या दिसतात. मला त्या पाट्यांबद्दल काही म्हणायचं नाही. नदी दिसते हे खरंच आहे. फक्त ती पावसाळ्यात कुठून दिसते हे "बुडीतलं" या एका शब्दात होतं आणि तो शब्द आजीबरोबर गेला.

इथपर्यंत वाचून तुम्ही म्हणाल, छान आहेत हो आठवणी, पण त्याचं आता काय करायचं? मीही बरीच वर्षं असंच समजत होतो. आठवणी म्हणजे दिवाळीत सगळे जमल्यावर जेवण झालं की काढायच्या, थोडं हसायचं, आणि पानदान सरकवायचं.

२६ जुलै २००५ ला दुपारपासून जो पाऊस लागला तो सगळ्यांना आठवत असेल. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर. मुंबईच्या कथा सगळ्यांनी लिहिल्या. आमच्याकडे उल्हास नदी गावात आली. आजी तेव्हा ऐंशीच्या पुढे, ऐकायला कमी यायचं, पलंगावर बसून असायची. संध्याकाळी पाच वाजता तिने बाबांना विचारलं, "चिंचेला लागलं का पाणी?" चिंच तोडून तेव्हा दहा-बारा वर्षं झाली होती. बाबा आधी चिडलेच. मग चिंच कुठे होती ते आठवून टॉर्च घेऊन बघून आले. विजेच्या खांबाजवळ, बरोब्बर चिंचेच्या जागेवर पाणी होतं. आजी म्हणाली, "मग रात्री घरात येणार. तांदूळ माळ्यावर टाका." तांदूळ, कागदपत्रांची ट्रंक, गॅसचा सिलिंडर आणि शेवटी स्वतः आजी, असं सगळं वर गेलं. रात्री दहाच्या सुमारास पाणी उंबऱ्याच्या आत आलं.

पाणी ओसरल्यावर बाबांनी दाराच्या चौकटीत एक खिळा ठोकला आणि शेजारी हिरव्या ऑइलपेंटने तारीख घातली. जमिनीपासून चार फूट दोन इंच. मी स्वतः टेपने मोजलंय. २७ जुलै २०१९ ला, ज्या दिवशी बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेसमधून सुमारे १,०५० प्रवाशांना बाहेर काढलं, त्या दिवशी हेंद्रेपाडा, रमेशवाडी, मांजर्ली या भागांत पाणी शिरलं होतं. आमच्या जुन्या घराच्या पहिल्या पायरीला ते टेकलं आणि थांबलं. बाबांनी पायरीवरही तारीख घातली. घर तेव्हा बंदच होतं. आई-बाबा पूर्वेला फ्लॅटमध्ये राहायला आले होते. तरी बाबा पाणी उतरल्यावर रंगाचा डबा घेऊन गेलेच!

आता मुद्द्यावर येतो.

त्या जुन्या घराची जागा विकायचं चाललंय. सातबाऱ्यावर आम्हा भावंडांची, चुलत भावंडांची मिळून सात नावं आहेत. सगळ्यांना आपापल्या संसारात पैसे हवे आहेत, त्यात गैर काहीच नाही. निवृत्तीला आलेलं एक जोडपं घेणार आहे. त्यांना तिथे छोटं घर बांधून राहायचंय. जानेवारीत बघायला आले तेव्हा नदी नितळ, पलीकडे डोंगर, थंडगार हवा. बाई हरखून गेल्या. निघताना त्यांनी विचारलं, "पाण्याचा काही प्रश्न नाही ना इथे?" चुलतभाऊ, म्हणजे आमचा दादा, म्हणाला, "छे हो, बोअरला भरपूर पाणी आहे." त्यांनी विचारलं ते नळाच्या पाण्याबद्दलच होतं, त्यामुळे दादा खोटं काही बोलला नाही. पण मी तिथेच उभा होतो आणि माझी नजर त्या हिरव्या तारखेवर होती. चौकटीला मध्यंतरी नवा रंग दिलाय. तारीख पुसट दिसते, ती काय आहे हे माहीत असेल तरच.

नंतर घरी यावरून बोलणं झालं. दादाचं म्हणणं मी जसंच्या तसं मांडतो, कारण ते काही वेडगळ नाही. एक, कागद साफ आहेत, जागा निळ्या पूररेषेच्या बाहेर आहे. दोन, ते बांधताना पाच फूट भराव टाकणारच आहेत. तीन, आजूबाजूला सगळे विकतायत, कुणी कुणाला सांगत नाही, मग आपणच भाव पाडून का घ्यायचा? आणि चार, आजीच्या गोष्टींवर काय विश्वास ठेवायचा?

चौथ्यापासून सुरुवात करतो. दादा बरोबर आहे. आजीच्या गोष्टीतलं पाणी दर वर्षी वाढायचं. तिच्या लहानपणच्या पुरात आधी गुडघाभर होतं, माझ्या लग्नापर्यंत ते गळ्यापर्यंत आलं होतं :) माणसाची आठवण फुगते. पण खिळा फुगत नाही. बाबांनी केलं ते फार शहाणपणाचं होतं, आठवणीला एक उंची आणि एक तारीख दिली. सांगलीकरांकडे बघा. तिथला माणूस पुराची गोष्ट आयर्विन पुलाच्या फुटांत सांगतो. २०१९ मध्ये पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती, आणि अमुक फुटाला कुठल्या गल्लीत पाणी येतं हे तिथे सांगणारे भेटतात. आमच्याकडेही पावसाळ्यात आकडे येतात, उल्हासची इशारा पातळी साडेसोळा मीटर, धोका पातळी साडेसतरा मीटर. पण साडेसतरा मीटर म्हणजे माझ्या दारात किती? हे सांगणारा तो खिळाच आहे.

आता पूररेषा. निळी रेषा म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येईल अशा पुराची, लाल रेषा म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येईल अशा पुराची. आमची जागा दोघींच्या मध्ये. अशा ठिकाणी काही अटींवर बांधकामाला परवानगी मिळू शकते, म्हणजे कायद्याने दादा चूक नाही. पण "शंभर वर्षांतून एकदा" ऐकलं की लोकांना वाटतं, २००५ ला येऊन गेला, आता २१०५ पर्यंत निवांत. तसं नसतं. त्याचा अर्थ दर वर्षी शंभरात एक शक्यता. वीस वर्षांच्या गृहकर्जाच्या काळात तो पूर एकदा तरी येण्याची शक्यता अठरा टक्के होते. पंचवीस वर्षांवाला पूर त्याच वीस वर्षांत येण्याची शक्यता निम्म्याहून जास्त, छप्पन्न टक्के. आमची जागा या दोन्हींच्या मधे कुठेतरी. निवृत्तीनंतर सगळी पुंजी घालून घर बांधणाऱ्या माणसाला हा आकडा माहीत असावा की नसावा?

भरावाचं म्हणाल तर पाणी भरावाला घाबरून परत जात नाही, शेजारी जातं. आपण पाच फूट वर गेलो की मागच्या चाळीत आणखी थोडं चढतं. ती चाळ आपल्याच ओळखीच्या माणसांची आहे.

राहिला तिसरा मुद्दा, कुणीच सांगत नाही. हाच मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. २००१ च्या जनगणनेत आमचं गाव लाखाच्या आत होतं, २०११ ला पावणेदोन लाखांच्या आसपास गेलं, आणि त्यानंतर किती वाढलं ते सकाळच्या लोकलला उभं राहिलं की कळतं. म्हणजे गावातल्या बहुतेकांची आजी इथली नाही. कुणाची साताऱ्याची, कुणाची जळगावची, कुणाची दादर-परळची. त्यांना "चिंचेला लागलं का पाणी" असं विचारणारं घरात कुणी नाही. कोंडेश्वरला दर पावसाळ्यात बाहेरून आलेली तरुण मुलं डोहात उतरतात आणि जीव गमावतात. आमच्या घरी "कोंड" म्हणजे ओढ्यातला खोल डोह, तिथे उतरायचं नाही, हे चौथीतल्या पोरालाही माहीत होतं. सूचना त्या नावातच होती. नाव वाचता येणं आणि नाव कळणं यात फरक पडला, बस्स.

जपानमध्ये आनेयोशी नावाचं एक छोटं खेडं आहे. १९३३ च्या त्सुनामीनंतर तिथल्या लोकांनी डोंगरउतारावर एक दगड उभा केला, याच्या खाली घरं बांधू नका असं त्यावर कोरून. लोकांनी ते पाळलं. २०११ ची ती प्रचंड लाट त्या दगडाच्या शंभरेक मीटर अलीकडे थांबली. तो दगड त्यांनी दिवाणखान्यात ठेवला नव्हता, रस्त्यात ठेवला होता. आपण मात्र आपली माहिती "आमच्या घरच्या आठवणी" म्हणून आत ठेवतो, आणि नव्याने आलेल्यांना "बाहेरचे" म्हणून नावं ठेवतो. बाहेरचे का? तर त्यांना गावाबद्दल काही माहीत नाही म्हणून. अहो, सांगितलंच नाही तर माहीत होणार कसं!

बदलापुरात श्याम जोशींनी ग्रंथसखा वाचनालय उभं केलं, कुठून कुठून जुनी मराठी पुस्तकं गोळा करून जपली. छापलेल्याची सोय एका माणसाच्या ध्यासाने झाली. न छापलेल्याची सोय आपल्याला घरोघरीच करावी लागेल, आणि ती फार अवघड नाही. ज्यांच्या घरात, सोसायटीत पाणी आलं होतं त्यांनी फाटकाच्या खांबावर एक ठळक रेघ मारावी, तारीख घालावी. जागेची किंमत कमी होईल म्हणून पुसू नये. भाडेकरू आला, शेजारी नवं बिऱ्हाड आलं, तर दूधवाला आणि कामवाल्या बाईंचा नंबर देताना एवढंही सांगावं की पाणी कुठवर येतं आणि आलं तर गाडी कुठे नेऊन लावायची.

आणि विकताना सांगावं. मी दादाला कळवलंय, इथेही लिहितो म्हणजे सगळ्या सहा जणांपर्यंत एकदमच पोचेल. माझी सही मिळेल, अडवणूक करायची नाही. पण खरेदीखताच्या आधी त्या दोघांना पुन्हा घरी बोलवायचं, चौकटीवरचा रंग खरवडून खिळा आणि तारीख दाखवायची, पायरीवरची २०१९ ची पण दाखवायची. त्यानंतरही त्यांना घ्यायची असेल तर आनंदाने घेऊ देत. घर खांबांवर उचलून बांधतील, मीटर वर बसवतील, त्यांचं ते ठरवतील. नको म्हणाले किंवा भाव कमी केला, तर माझ्या हिश्श्यातून आधी कापा. ताईने फोन करून "मी तुझ्या बाजूने आहे" असं सांगितलंय, दोघांनी "बघू" म्हटलंय. दादाने मेसेज वाचलाय, उत्तर अजून नाही. दादा, रागावू नकोस. त्या रात्री आजीला पाठीवर घेऊन माळ्यावर चढवणारा तूच होतास.

बाकी सगळ्या भावंडांना एक विनंती. येत्या गणपतीत जमू तेव्हा प्रत्येकाने आपल्याला आठवतात ती खाचरांची, झाडांची, विहिरींची नावं एका कागदावर लिहून आणा. चुकीची असली तरी आणा, आत्या दुरुस्त करेल. तिचं वय आता अठ्ठ्याऐंशी आहे आणि बुडीतलं खाचर नक्की कुठून कुठवर होतं हे सांगणारी ती एकटीच उरली आहे.

आमच्याकडे चार फूट दोन इंच. तुमच्याकडे कुठवर आलं होतं?